हाताने घडवलेली फिगर आणि छापलेली फिगर: कर्ता कोण?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, तुम्ही प्रमाणशास्त्रावर बोलणारे, आता मध्येच हे खेळण्यांचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की हा विषय मी काढला नाही, तो माझ्या टेबलावर येऊन बसला. कसा ते सांगतो.

माझ्या हातात हा मातीचा मावळा आहे. मागे बसलेल्यांना आणि ऑनलाइन ऐकणाऱ्यांना नीट दिसणार नाही, म्हणून वर्णन करतो. उंची साधारण सात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं. कुंभारवाड्यातून दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. माझा थोरला भाऊ आणि मी, याला बुरुजावर कोणी उभं करायचं यावरून भांडलो, हा खाली पडला आणि याचं नाक गेलं. भाऊ आता नाही. मावळा आहे, नाक नसलेला.

माझी नात कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. तिने घरी एक रेझिन प्रिंटर घेतलाय. गेल्या दिवाळीत तिने या मावळ्याचे मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले, त्यावरून संगणकात त्याचा आकार तयार केला आणि एक प्रत छापून मला भेट दिली. ही बघा, राखाडी रंगाची. हुबेहूब आहे. बाजूने साच्याची शिवण आहे, तीसुद्धा आली आहे. आणि तुटलेलं नाकही तसंच तुटलेलं आलं आहे.

मी हसलो, पण जरा गप्पही झालो. तेवढ्यात तिने मला जे विचारलं, त्यावर आजचं व्याख्यान आहे. ती एका स्टुडिओत उमेदवारीसाठी जाऊन आली होती. तिथे तिला सांगण्यात आलं की मातीकाम दाखवू नका, ते आता कोणी बघत नाही, फाइल दाखवा. आणि पुढच्या वर्षी तिला दोनपैकी एक विषय निवडायचा होता: हाताने शिल्पकाम किंवा डिजिटल शिल्पकाम. तिने विचारलं, "आजोबा, माती शिकायलाच हवी का?"

माझं पहिलं उत्तर म्हाताऱ्या माणसाचं होतं. अगं, हवीच, हाताची सर यंत्राला येते का! ती म्हणाली, "का येत नाही?" आणि मला उत्तर देता येईना. तीसेक वर्षं मुलांना 'का' विचारायला शिकवलं, आता माझीच परीक्षा होती.

सगळ्या फिगर प्रतीच असतात

आधी एक गैरसमज दूर करू. आपण म्हणतो की हाताने केलेलं ते अस्सल आणि यंत्राने केलेली ती नक्कल. पण लोक ज्या छोट्या मूर्ती जमवतात, ज्यांना आता सगळे 'फिगर' किंवा 'मिनिएचर' म्हणतात, त्यांच्या बाबतीत ही विभागणी टिकतच नाही. संग्राहकाच्या कपाटात असते ती कायम प्रतच असते.

जपानचं उदाहरण घेऊ, कारण या छंदाचं मोठं माहेर तिथे आहे. ओसाकाजवळच्या मोरिगुची गावात १९६४ साली 'काइयोदो' नावाचं मॉडेलचं एक छोटं दुकान सुरू झालं. ऐंशीच्या दशकात तिथे आणि इतरत्र 'गॅरेज किट' हा प्रकार वाढला. हौशी माणसाने घरच्या घरी एखाद्या पात्राची मूर्ती घडवायची, तिचा सिलिकॉन रबराचा साचा करायचा, त्यात रेझिन ओतून प्रती काढायच्या आणि जत्रेत विकायच्या. ही जत्रा म्हणजे 'वंडर फेस्टिव्हल'. १९८५ पासून ती भरते. तिथली एक पद्धत मला फार आवडते. पात्राचे हक्क असलेल्या कंपन्या हौशी कलाकाराला फक्त त्या एका दिवसापुरती विक्रीची परवानगी देतात. सूर्य मावळला की परवाना संपला!

आता त्या जत्रेत तुम्ही जी वस्तू विकत घेता तिला शिल्पकाराचा हात लागलेला असतो का? त्याने मूळ मूर्ती घडवली, एपॉक्सी पुट्टीत नाहीतर भट्टीत भाजायच्या पॉलिमर क्लेमध्ये. आतून तारेचा सांगाडा, वरून थरावर थर. ती मूळ मूर्ती साच्यात गेली. साचा वीस-तीस नग दिल्यावर फाटायला लागतो. तुम्ही घरी आणता तो त्या नगांपैकी एक.

इंग्लंडमध्ये युद्धखेळांसाठी धातूचे छोटे सैनिक करतात, २८ मिलिमीटर उंचीचे. तिथे तर आणखी गंमत. निळी आणि पिवळी पट्टी एकत्र मळून हिरवी पुट्टी होते, तिला 'ग्रीन स्टफ' म्हणतात. तिच्यात मूळ सैनिक घडवायचा, मग तो रबराच्या दोन चकत्यांमध्ये ठेवून उष्णता आणि दाब देऊन साचा करायचा. या दाबात मूळ मूर्ती पुष्कळदा मोडते. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणू तीच नष्ट होते आणि प्रती उरतात. प्लॅस्टिकचे सैनिक करायचे तर मूळ मूर्ती तिप्पट मोठी घडवत आणि पँटोग्राफ नावाच्या यंत्राने तो आकार लहान करून पोलादी साच्यात कोरत. म्हणजे संगणकाच्या पुष्कळ आधीपासून हात आणि वस्तू यांच्यामध्ये यंत्र बसलेलंच होतं.

आणि हे फक्त खेळण्यांचं नाही. रोदँ हा केवढा शिल्पकार! १९१७ साली तो गेला. त्यानंतरही त्याच्या साच्यांवरून ब्राँझ ओतली गेली, आणि फ्रान्समध्ये एका शिल्पाच्या १२ पर्यंत ओतीव प्रती मूळ मानल्या जातात. आणि हा माझा मावळा? याच्या अंगावर शिवण आहे म्हणजे तो दोन भागांच्या साच्यातून आलाय. त्याचे शेकडो सख्खे भाऊ त्या दिवाळीत शेकडो किल्ल्यांवर उभे असणार.

तेव्हा 'अस्सल विरुद्ध नक्कल' हा वाद बाजूला ठेवू. खरा प्रश्न मूळ आकार कसा घडतो याचा आहे.

माती शेवटी येते

प्रिंटर काय करतो ते थोडक्यात सांगतो. प्रकाशाने घट्ट होणारा एक द्रव असतो, रेझिन. तबकात तो भरायचा. खालून पडद्यावर आकाराचा एक काप उजळतो, तेवढाच भाग घट्ट होतो. वरची पट्टी किंचित उचलली जाते, पुढचा काप. एक थर ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही बारीक. हा सात सेंटिमीटरचा मावळा १४०० थरांचा झाला. नंतर तो अल्कोहोलमध्ये धुवायचा, पुन्हा अतिनील प्रकाशात पक्का करायचा. तोपर्यंत उघड्या हाताने शिवायचंही नाही, रेझिन त्वचेला अपायकारक. माझी नात हातमोजे घालून काम करते. मातीत हात घालणाऱ्या माणसाला हे फार विचित्र वाटतं.

ही कल्पना नवी नाही. नागोयाच्या हिदेओ कोदामा यांनी १९८१ साली ती मांडली होती. अमेरिकेत चक हल यांना १९८६ साली पेटंट मिळालं. वितळत्या प्लॅस्टिकची तार काढत जाणारा जो दुसरा प्रकार आहे, तो स्कॉट क्रंप यांना सुचला तो मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करताना, डिंकाच्या बंदुकीने. म्हणजे या यंत्राच्या जन्मालाही एक खेळणं आहेच. मात्र फिगरच्या जगात उलथापालथ झाली ती दोन गोष्टी जुळल्यावर. एक, 'झीब्रश'सारखी सॉफ्टवेअर, ज्यात पडद्यावर माती असल्यासारखं दाबता, ओढता, खरवडता येतं. दुसरी, घरात परवडणारे रेझिन प्रिंटर, जे गेल्या दहाएक वर्षांत आले.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो. न्यायदर्शनात कारणाची चर्चा आली की कुंभार येतोच. घट हे कार्य. ज्या मातीच्या भागांत तो घट राहतो ते त्याचं समवायी कारण. कुंभार, त्याची काठी, चाक ही निमित्त कारणं. समवायी कारण म्हणजे कार्य ज्याला सोडून राहूच शकत नाही ते. मातीविना घट नाही, घडण्याआधी तर नाहीच नाही.

मग पडद्यावरची फिगर कशात राहते? तिला वजन नाही, ती पडत नाही, तिची तलवार कितीही पातळ केली तरी वाकत नाही. नैयायिक म्हणेल, अजून घट झालेलाच नाही, कुंभाराच्या मनातलं चित्र तेवढं बाहेर दिसू लागलंय. हाताच्या कामात आकार आणि माती बरोबरीने वाढतात. डिजिटल कामात आकार आधी पूर्ण होतो आणि माती शेवटी येते. माझ्या मते खरा फरक हाच आहे, आणि त्याचे परिणाम कारागिरांना रोज भोगावे लागतात. चार सांगतो.

पहिला, मापाचा. २८ मिलिमीटरच्या सैनिकाचा चेहरा चारेक मिलिमीटरचा. पडद्यावर तोच चेहरा तीस सेंटिमीटरचा करून बघता, म्हणजे पंचाहत्तर पट. तिथे पापणीची कड सुंदर दिसते. छापल्यावर ती नसतेच. हाताने काम करणारा डोळ्याला भिंग लावतो, पण पंचाहत्तर पटीने मोठं तो कधीच बघत नाही. त्याला कळतं की इतक्या लहान अंगावर डोकं आणि पंजे थोडे मोठेच हवेत, घडी थोडी खोलच हवी, नाहीतर हातभर अंतरावरून काही वाचता येत नाही. जुन्या सैनिकांची डोकी मोठी का, याचं एक उत्तर इथे आहे.

दुसरा, समतोलाचा. सॉफ्टवेअरमध्ये आरसा लावता येतो. उजवा गाल केला की डावा आपोआप. हाताने काम करणाऱ्याचा जन्म दोन डोळे एका रेषेत आणण्यात जातो. डिजिटलवाल्याला उलट कष्ट घ्यावे लागतात, तंतोतंत सारखा झालेला चेहरा निर्जीव दिसतो म्हणून मुद्दाम मोडावा लागतो.

तिसरा, उभं राहण्याचा. हाताच्या कामात पहिल्या दिवशी तार वाकवताना ठरतं की भार कोणत्या पायावर आहे, कंबर कुठे कललीय. नंतर ते बदलणं कठीण. पडद्यावर पुष्कळ जण सरळ उभा, हात पसरलेला देह आधी करतात आणि शेवटी त्याला वाकवतात. जाणकाराला ते ओळखू येतं. पाय जमिनीवर टेकलेले असतात, पण भार कुठेच नसतो.

चौथा, चुकीचा. डेव्हिड पाय हे इंग्लंडमधले लाकूडकामाचे मोठे जाणकार. त्यांनी १९६८ साली कारागिरीवर एक पुस्तक लिहिलं. त्यांना हात आणि यंत्र ही विभागणी पटत नव्हती. त्यांनी दुसरी सुचवली: जोखमीची कारागिरी आणि निश्चितीची कारागिरी. काम चालू असताना प्रत्येक क्षणी फलित धोक्यात असेल तर ती जोखमीची, काम सुरू होण्याआधीच फलित ठरलेलं असेल तर ती निश्चितीची. लेखणीने लिहिणं पहिल्या प्रकारात, छापणं दुसऱ्या. पुट्टी तास-दोन तासांत घट्ट होत जाते, तेवढ्यात निर्णय घ्यायचा. पडद्यावर एक बटण दाबलं की मागे जाता येतं, शंभर वेळा.

इथे पुष्कळ जण व्याख्यान संपवतील. म्हणतील, झालं सिद्ध, हात श्रेष्ठ. मीही तसंच म्हणणार होतो.

कर्त्याची अट

दोन गोष्टींनी मला अडवलं. पहिली एका परक्या माणसाची, दुसरी माझी स्वतःची.

मायकल आणि ॲलन पेरी हे इंग्लंडमधले जुळे भाऊ. छोट्या सैनिकांच्या जगात त्यांचं नाव फार मोठं. १९९६ साली फ्रान्समध्ये एका ऐतिहासिक लढाईच्या सादरीकरणात तोफेचा अपघात झाला आणि मायकल यांचा उजवा हात गेला. ज्याने ते शिल्पं करत तोच. त्यांनी डाव्या हाताने शिकायला सुरुवात केली आणि पुढे वर्षानुवर्षं त्या डाव्या हाताने शिल्पं केली. आता सांगा, त्यांचं कसब कुठे होतं? बोटांत असतं तर बोटांबरोबर गेलं असतं. मायकेल पोलान्यी म्हणत असे की आंधळा माणूस काठी टेकत चालतो तेव्हा त्याचं लक्ष तळहातावर नसतं, काठीच्या टोकाशी असतं. कसबही असंच हत्याराच्या टोकाशी, वस्तूच्या अंगाशी जाऊन बसतं. हात बदलला तरी तिथे पोचायची वाट पुन्हा शोधता येते. मग ते टोक डिजिटल लेखणीचं का असू नये?

आता माझी गोष्ट. मला या मावळ्याला नाक बसवायचं होतं. नातीने चिमूटभर पुट्टी मळून दिली. पण माझ्या हाताला गेली तीन वर्षं कंप आहे. तीनदा प्रयत्न केला. एकदा तर नाकाबरोबर मिशीही पुसली. शेवटी मी रागाने हत्यार खाली ठेवलं. मग तिने मला पडद्यापुढे बसवलं, लेखणी हातात दिली. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, रेघ तुमच्या हातामागून सावकाश येते, थरथर गाळून. आणि मला नाक करता आलं! सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा. ज्या यंत्राविरुद्ध मी भाषण रचत होतो त्यानेच मला हात दिला होता. ही गोष्ट लपवून मी तुमच्यापुढे हाताचं गुणगान करणं अप्रामाणिक झालं असतं.

पण ऐका, पुढे काय झालं. तासभर खपून केलेलं ते नाक आम्ही छापलं. दिसेचना. मावळ्याचं नाक जेमतेम तीन मिलिमीटरचं, आणि मी पडद्यावर नाकपुड्या कोरत बसलो होतो. नात म्हणाली, "आजोबा, जरा ठसठशीत हवं होतं." कुंभाराने ते सहज केलं असतं. त्याला सांगावं लागलं नसतं.

तेव्हा मला न्यायशास्त्रातली कर्त्याची व्याख्या आठवली. वर्गात कितीदा शिकवली होती! कर्ता कोणाला म्हणायचं? तीन गोष्टी लागतात. करण्याची इच्छा, प्रत्यक्ष प्रयत्न, आणि उपादानाचं, म्हणजे ज्यापासून वस्तू होणार त्या द्रव्याचं अपरोक्ष ज्ञान. अपरोक्ष म्हणजे ऐकीव नव्हे, स्वतःला थेट झालेलं. बघा, या व्याख्येत हाताचं नाव नाही. यंत्रालाही मज्जाव नाही. अट आहे ती द्रव्याच्या ओळखीची.

माझ्याकडे इच्छा होती, प्रयत्न होता. द्रव्याची ओळख नव्हती. म्हणून नाक फसलं. पुट्टीतही फसलं आणि रेझिनमध्येही.

आणि आता नातीकडे बघा. तिला रेझिन कळतं. कसं कळलं? पंधरा-वीस प्रती फुकट घालवून. मूर्ती प्रिंटरमध्ये उलटी लोंबकळत तयार होते, दर थराला ती तबकाच्या तळापासून सोलून निघते. ती कोणत्या कोनात तिरकी ठेवायची, आधाराच्या काड्या कुठे लावायच्या, त्यांचे वण चेहऱ्यावर न येता पाठीवर कसे येतील, पोकळ केली तर द्रव बाहेर यायला भोक कुठे ठेवायचं, ही सगळी जोखीम आहे. पाय यांना अभिप्रेत असलेलीच. ती पडद्यावरून निघून प्रिंटरच्या तबकात गेली, एवढंच. पण पुष्कळ डिजिटल शिल्पकार फाइल पाठवून मोकळे होतात, छापणारा दुसराच असतो. ते द्रव्याला कधी भेटतच नाहीत. मला त्यांची काळजी वाटते.

खूण आणि नक्कल

एक मुद्दा संग्राहकांसाठी. नेल्सन गुडमन यांनी, योगायोगाने त्याच १९६८ साली, कलांचे दोन प्रकार सांगितले. चित्राची हुबेहूब नक्कल केली तरी ती बनावटच, कारण कोणी, केव्हा केली याला तिथे महत्त्व आहे. संगीताचं तसं नाही. लिहून ठेवलेली स्वरलिपी बरोबर वाजवली की ती तीच रचना. फिगर पूर्वी पहिल्या प्रकाराकडे झुकलेली होती, आता ती दुसऱ्याकडे सरकतेय. फाइल म्हणजे स्वरलिपी, प्रिंट म्हणजे वादन.

याचा व्यवहारातला फटका मोठा आहे. पूर्वी चोर विकतच्या प्रतीवरून साचा काढायचा. दर पिढीला प्रत किंचित आक्रसायची, कडा बोथट व्हायच्या. जाणकार मोजपट्टी लावून चोरी पकडायचा. म्हणजे द्रव्यच साक्ष द्यायचं. चोरलेली फाइल मात्र कणभरही झिजत नाही. शिल्पकाराचं सहा महिन्यांचं काम एका रात्रीत जगभर जातं आणि त्यावर कसलीही खूण राहत नाही. हाताची बाजू घेणाऱ्यांनी भावनेपेक्षा या गोष्टीबद्दल बोलावं.

खुणेवरून पुन्हा मावळ्याकडे. मूळ मावळ्याचं नाक तुटलेलं आहे, कारण एका संध्याकाळी ते तुटलं. प्रतीचं नाक तुटलेलं नाही, तो तुटलेल्या नाकाचा आकार आहे. दिसायला एक, पण एक घटना आहे आणि दुसरं वर्णन. आता सॉफ्टवेअरमध्ये बोटांचे ठसे उमटवायची सोयही करता येते, म्हणजे काम मातीचं वाटावं. त्याने कोणी फसेल असं नाही, पण ठसा म्हणजे बोट तिथे होतं याचा पुरावा, आणि इथे तर पुरावाच सजावट झाला.

मग छापलेल्या वस्तूत हाताला जागाच नाही का? आहे, आणि ती कुठे ठेवायची हे आपल्या हातात आहे. पेणच्या गणेशमूर्ती आठवा. मूर्ती साच्यातून निघते, त्यात कोणी कमीपणा मानत नाही. पण डोळ्यांची आखणी अनुभवी हातच करतो. साच्यातल्या शंभर मूर्तींना तिथे नजर मिळते. परदेशी कारखान्यांतल्या फिगरचे डोळे बहुधा ठशाने छापतात, सगळ्यांचे सारखे. पण तीच फिगर घरी रंगवणारा हौशी माणूस श्वास रोखून दोन केसांच्या कुंचल्याने डोळा भरतो. साचा असो वा प्रिंटर, निर्णयाचा एक क्षण माणसासाठी राखून ठेवता येतो.

नातीला काय सांगितलं

शेवटी तिला मी म्हणालो, अगं, माती शीक. हात पवित्र आहे म्हणून नको. मातीतून पैसे मिळतील म्हणूनही नको, तो स्टुडिओ कदाचित बरोबर असेल. शीक ती यासाठी की माती लगेच उत्तर देते. हात जड पडला की ती सांगते, भार चुकला की मूर्ती कलते. पडदा तुला सगळ्याला हो म्हणतो. नाही म्हणणारं कोणी शिकताना जवळ असावं. पण मातीवर थांबू नकोस. रेझिनचीही अशीच ओळख करून घे, फाइल स्वतः छाप, आधाराच्या काड्या स्वतः तोड, वण स्वतः घास. दोन्हीकडे तू कर्ती हो.

तिने काय निवडलं? महाविद्यालयात डिजिटल घेतलं. आणि रविवारी सकाळी एका मूर्तिकारांकडे माती मळायला जाते. माझं किती ऐकलं आणि तिचं तिने किती ठरवलं, मला माहीत नाही. विचारलंही नाही.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, मी संग्राहक आहे. हाताने घडवलेल्या मूळ मूर्तीवरून काढलेल्या प्रतीला जास्त पैसे मोजावेत का?

उत्तर: पैसे मोजताना तुम्हाला काय हवंय ते स्वतःला विचारा. आकार हवा असेल तर चांगला आकार चांगलाच, कसाही घडो. एखाद्या माणसाच्या कामाशी नातं हवं असेल तर त्याच्याकडून थेट घ्या, आणि फाइल असेल तर तीही विकतच घ्या, मित्राकडून उतरवून घेऊ नका. त्याची पुढची फिगर त्या पैशावर अवलंबून असते.

प्रश्न: हातानेच काम करणारे संपतील असं तुम्हाला वाटतं का?

उत्तर: मी ज्योतिषी नाही. पण एक दिसतं. पडद्यावर ज्यांचं काम ठसठशीत दिसतं, त्यांतले पुष्कळ जण आधी हाताने काम केलेले आहेत. ती पिढी गेल्यावर कळेल की तो गुण त्यांच्या हातांतून आला होता की आणखी कुठून. तोपर्यंत शिकवणाऱ्यांनी मातीचा वर्ग बंद करू नये, एवढंच माझं मागणं.

प्रश्न: मावळ्याला शेवटी नाक बसवलंत का?

उत्तर: प्रतीला बसवलं. तिसऱ्या प्रयत्नात, ठसठशीत. मूळ मावळ्याला नाही. ते भांडण आमच्या दोघांचं होतं, ते मी एकट्याने मिटवणं बरं नव्हे.